घोडेबाजारातला वॉल्ट्झ

शहाद्यात कामिनी ललित पाटील यांना कामिनी मॅडम म्हणूनच ओळखतात. नवऱ्याचं ठिबक सिंचनाचं दुकान, मागं घर, दुकानावर एक लांबट खोली, आणि त्या खोलीत त्यांचा पियानोचा क्लास. पाटीवर ‘पियानो’ लिहिलेलं असलं तरी लोक त्याला कॅसिओचा क्लास म्हणायचे. मॅडमनी सुरुवातीला दोन-चार जणांना दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

त्या मूळच्या तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातल्या. बारावीनंतर शिकायला सुरतेला आत्याकडे राहिल्या. आत्याच्या शेजारी फ्रेनीबाई नावाच्या एक पारशी बाई राहायच्या. त्यांच्याकडे खरा, लाकडी, चार माणसांनाही उचलणार नाही असा पियानो होता. कामिनी तिथं दूध पोहोचवायला गेली आणि दारातच थांबून राहिली. फ्रेनीबाईंनी तिला पाच वर्षं शिकवलं. अंगठा आत वळवताना मनगट उचललं की बाई पट्टीनं टोचायच्या. शेवटच्या वर्षी त्यांनी तिला एक वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची एक धून, दिला. तीन मात्रांचा, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात कुणीतरी लिहिलेला, जेमतेम तीन मिनिटांचा. त्यानंतर त्याच वहीतली एक संथ रचना सुरू केली होती. ती पहिल्याच पानावर असताना कामिनीचं लग्न ठरलं.

लग्नानंतर सतरा वर्षं मॅडम तो वॉल्ट्झ एकट्याच वाजवत आल्या. दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं, ललितभाऊ जेवून आडवे व्हायचे, तेव्हा वर जाऊन. संध्याकाळी सात-आठ मुलं यायची, त्यांना सिनेमाची गाणी हवी असायची. पालकांना गॅदरिंगमध्ये मुलगा स्टेजवर दिसायला हवा असायचा. मॅडम ते शिकवायच्या. एकदा त्यांनी मुलांना वॉल्ट्झ ऐकवून पाहिला. एका मुलानं विचारलं, याला शब्द नाहीत का?

मग कियान वाडीवाला आला. म्हणजे शहाद्यात आला नाही, मोबाइलवर आला. सुरतेहून परदेशात गेलेल्या घरातला हा पंचवीस वर्षांचा पोरगा. केस मागे बांधलेले, पायात काही नाही. कुठल्याशा परदेशी रेल्वे स्टेशनवर प्रवाशांसाठी ठेवलेल्या पियानोवर बसून त्यानं हाच वॉल्ट्झ वाजवला. बॅगा ओढत चाललेली माणसं थांबली, एक म्हातारी रडली, आणि तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला. पुढं ती धून एका मालिकेच्या सुरुवातीला आली, मग एका जाहिरातीत. मे महिन्यात मॅडमच्या जिन्यावर चपला मावेनात. एकेचाळीस मुलं. सगळ्यांना एकच पाहिजे, कियानवाली धून.

मॅडमना आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांसमोर वॉल्ट्झ वाजवला तेव्हा एक मुलगी म्हणाली की मॅडम, तुमचं चुकलं, कियान इथं थांबतो. मॅडम हसल्या. घरी जाऊन त्यांनी व्हिडिओ चार वेळा पाहिला. तो थांबत होता खरा. कागदावर तिथं थांबायचं लिहिलेलं नव्हतं, पण थांबल्यावर ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा. दुसऱ्या दिवशी त्याही तिथं थांबल्या. मुलं खूश झाली. मॅडमना मात्र दिवसभर काही सुचेना. पोळ्या लाटताना बोटं ओट्यावर तीन-तीनचा ठेका धरत होती आणि नेमकी त्या जागेवर अडखळत होती. सतरा वर्षं जे आपलं होतं ते एका आठवड्यात त्याचं झालं, असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटावं याची लाजही वाटत होती.

तीन महिन्यांत एकेचाळिसांची बारा झाली. व्हिडिओ तीन मिनिटांचा होता, पण ती धून हातात यायला महिनोन्महिने लागतात हे कुणी सांगितलं नव्हतं. टिकलेल्यांत एक मयूरी होती. कळसाडीच्या ईश्वरभाऊंची मुलगी, आठवीतली. घरी ऊस, कापूस. ती बसनं यायची. तिच्याकडे मोबाइल नव्हता आणि तिनं कियानला नीट पाहिलंही नव्हतं. ती मॅडमच्या बोटांकडे बघून शिकली. म्हणून तिचा वॉल्ट्झ कुठंही थांबत नसे. तो जरा घाईचा, उड्या मारत जाणारा होता. मॅडमनी एक-दोनदा तिला कियानसारखं थांबायला सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘पण पुढचं तर तयार असतं ना, मग थांबायचं कशाला?’’ मॅडमनी ते परत सांगितलं नाही.

डिसेंबरात सारंगखेड्याची, घोडेबाजाराची यात्रा भरली. ईश्वरभाऊ दरवर्षी घोडे बघायला जायचे. घेत कधीच नव्हते, नुसते बघायचे. तिथं सकाळी शाळकरी मुलांचा कार्यक्रम असतो, त्यात मॅडमनी मयूरीचं नाव दिलं आणि क्लासमधला अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो टेम्पोत घालून नेला. ऐन वेळी स्टेजवरची वीज गेली. संयोजक म्हणाले, घोड्यांच्या नाचाच्या रिंगणाजवळ जनरेटर चालू आहे, तिथं लावा. रिंगणात एक पांढरी घोडी होती. तिचा शिकवणारा लगाम धरून उभा होता, ढोलवाले चहाला गेले होते. मयूरी धुळीतच खुर्ची ओढून बसली आणि वाजवू लागली.

घोडी पाय उचलू लागली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. लोक गोल करून उभे राहिले. शेवटी घोडीनं मान हलवली आणि मयूरी खदाखदा हसली. कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं.

मॅडम जवळ उभ्या होत्या. शिकवणारा घोडीच्या पुढच्या पायाला काठीचं टोक हळूच लावत होता, ते त्यांना दिसत होतं. घोडी पियानोवर नाचत नव्हती, काठीवर नाचत होती. पण पुढं जो व्हिडिओ फिरला त्यात काठी दिसत नव्हती.

चार दिवसांनी कियान वाडीवालानं तो व्हिडिओ स्वतःच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं होतं, ही माझ्यापेक्षा छान वाजवते, आणि तिचा श्रोता माझ्या श्रोत्यांपेक्षा छान आहे.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना कळसाडीत कुणालाच नव्हती. ईश्वरभाऊंच्या अंगणात चॅनलवाले आले. मयूरीची आजी जसोदाबाई यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि शेवटी विचारलं की पोरीनं नेमकं केलं काय? कारखान्याचा कार्यक्रम, शाळांची गॅदरिंग, शोरूमचं उद्घाटन, कुणाचा साखरपुडा, सगळीकडून मॅडमच्या फोनवर बोलावणी. ‘घोडीवाली धून’ हेच त्या वॉल्ट्झचं नाव झालं. लग्नाच्या वरातीत बँडवाले ती क्लॅरिनेटवर वाजवू लागले. क्लासमध्ये साठ मुलं झाली आणि त्यांत चाळीसपेक्षा जास्त मुली. रनाळ्याहून, तळोद्याहून, कुठून कुठून. कियानच्या वेळी आले होते ते बहुतेक शहरातले, हौशी. आता येणारे बाप सांगायचे, आमच्यासारख्याच घरची पोरगी वाजवते ना, मग आमची का नाही? जे कियानला जमलं नव्हतं ते मयूरीनं केलं होतं. परदेशातल्या स्टेशनवरचा पियानो लोकांनी पाहिला आणि पुढं सरकवला. उसाच्या शेतातल्या मुलीचा पियानो त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी मागितला.

मॅडम दिवसभर पळत होत्या. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी दोन, शनिवार-रविवार कार्यक्रम. जेवताना त्या फोन ताटाशेजारी ठेवायच्या आणि व्हिडिओ किती जणांनी पाहिला तो आकडा बघायच्या. सासूबाई रमिलाबाई म्हणाल्या की हिचा घास तोंडापर्यंत पोहोचत नाही, आधी डोळे तिकडे जातात. ललितभाऊंनी दोनदा सुचवलं की कार्यक्रम कमी कर. मॅडम म्हणायच्या, लाट आहे तोवर.

मयूरीनं या काळात तीनदा विचारलं, मॅडम, आता पुढचं कधी? तिनं फ्रेनीबाईंची जुनी वही कपाटात पाहिली होती आणि तिला ती संथ रचना शिकायची होती. मॅडम म्हणायच्या, हंगाम संपू दे. खरं असं होतं की ती रचना मॅडमनाच पुरी येत नव्हती. आणि आणखी खरं असं की मयूरीनं दुसरं काही वाजवलेलं लोकांना चाललं नसतं.

एप्रिलमध्ये नंदुरबारला एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं. सकाळी अकराची वेळ, बाहेर मांडव, आत नाश्त्याची टेबलं. मयूरीची ती चाळिसावी की बेचाळिसावी वेळ. तिनं वाजवलं. टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, पुन्हा एकदा. तिनं पुन्हा वाजवलं. तेवढ्यात एक पाहुणे उशिरा आले, त्यांच्यासाठी परत एकदा. मयूरीनं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, मग उचलून मांडीवर ठेवले. आणि बसून राहिली.

लोकांना आधी वाटलं काही बिघाड झाला. निवेदकानं माइक ठोकून पाहिला. मयूरी उठली, मांडवातून सरळ बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली.

मॅडमनी घाईनं तिची जागा घेतली आणि स्वतः वॉल्ट्झ वाजवायला सुरुवात केली. त्या चांगलं वाजवत होत्या, मयूरीपेक्षा कितीतरी साफ. पण पहिल्या ओळीनंतरच खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले. माणसं उठून नाश्त्याकडे गेली. उरलेले एकमेकांशी बोलत होते. सूर तेच, मात्रा त्याच, आणि मांडव रिकामा होत होता. मॅडमनी शेवटपर्यंत वाजवलं, कारण मधेच थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. दुकानमालक जवळ येऊन नम्रपणे म्हणाले, ‘‘मॅडम, पोरीला बोलवा ना जरा. एकच मिनिट.’’

गाडीत मयूरी काचेबाहेर बघत होती. मॅडमनी विचारलं की बरं वाटत नाही का? प्रकाशा गाव मागं पडल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, मला तो ऐकूच येत नाही आता. बोटं चालतात, पण ऐकू येत नाही.’’

मयूरीनं क्लास सोडला. आठवडाभरानं मॅडम कळसाडीला गेल्या. मयूरी आत होती. जसोदाबाई ओसरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि हात न थांबवता म्हणाल्या, ‘‘पोर चूप बठी ऱ्हास. जेवस नही. तुन्हा बाजाना नाद माले नको, बाई.’’ मुलगी गप्प बसून राहते, जेवत नाही, तुझ्या बाजाचा नाद मला नको. मॅडम उठून परत आल्या.

पावसाळाभर क्लास ओसरत गेला. घोडीवाली पोरगी वाजवत नाही हे कळलं तशी मुलं गळाली. कियाननंही पियानो बाजूला ठेवून दुसरंच काही सुरू केलं होतं, आणि मोबाइलवर कुणीतरी नवा बासरीवाला आला होता. साठातल्या अकरा मुलीच उरल्या. मॅडमना वाटलं होतं आपण मोकळ्या होऊ. पण रिकाम्या दुपारी त्यांना खोलीत बसवेना. खाली दुकानात जायच्या, पाइपांची बंडलं मोजायच्या, परत वर यायच्या. मनात एकच हिशेब फिरत राहायचा. कियान नसता तर मयूरी आली नसती. ती काठी नसती तर या अकरातल्या बहुतेक मुली आल्या नसत्या. लोकांना पियानो ऐकायचा नव्हता, कुणाला तरी बघायचं होतं, आणि आपण बघायला दिलं. मग चूक कुठं झाली? की चूक झालीच नाही आणि हे असंच असतं?

एका दुपारी त्यांनी कपाटातून वही काढली आणि संथ रचना उघडली. अठरा वर्षांपूर्वी जिथं थांबल्या होत्या तिथं फ्रेनीबाईंनी पेन्सिलीनं गोल केला होता. पुढची पानं कोरी, म्हणजे खुणांशिवाय. मॅडम रोज दोन ओळी बसवू लागल्या. डावा हात जमत नव्हता. ललितभाऊ झोपेतून उठून विचारायचे, आज कुठं अडलं? त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण अडलेलं ऐकू यायचं.

गणपतीनंतर त्या परत कळसाडीला गेल्या. या वेळी ईश्वरभाऊ घरी होते. त्यांनी मयूरीला हाक मारली. ती येऊन खांबाला टेकून उभी राहिली. मॅडमनी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं त्या विसरल्या.

‘‘मयूरी, तू तीनदा विचारलंस, पुढचं कधी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी तुला फसवलं. पुढचं मलाच येत नव्हतं. आणि येत असतं तरी मी दिलं नसतं, कारण लोक तुला त्याच एका धुनीसाठी बोलावत होते आणि मला ते हवं होतं.’’

ईश्वरभाऊ जमिनीकडे बघत होते. मयूरीनं विचारलं, ‘‘आता येतं?’’

‘‘निम्मं. डावा हात चुकतो.’’

मॅडमनी चल म्हटलं नाही. चहा घेऊन त्या निघाल्या.

दिवाळीच्या आधी एका रविवारी ईश्वरभाऊंची मोटारसायकल दुकानासमोर थांबली. मयूरी वर आली आणि मागच्या बाकावर बसली. मॅडम अकरा मुलींना सराव देत होत्या. तिच्याकडे बघितलं, पण शिकवणं थांबवलं नाही. मुली मात्र माना वळवून वळवून बघत होत्या. त्यातल्या नऊ जणी तिच्यामुळेच आल्या होत्या. तास संपल्यावर मयूरी पियानोजवळ येऊन म्हणाली की ते निम्मं दाखवा. मॅडमनी वाजवलं, आणि नेहमीच्या जागी चुकल्या. मयूरीनं वहीवर बोट ठेवलं, ‘‘इथं चौथं बोट घेतलं तर?’’ मॅडमनी घेऊन पाहिलं. हात पुढं गेला, पण पुढच्या ओळीत दुसरीच अडचण आली. दोघी दीड तास त्या दोन ओळींवर होत्या. खाली ईश्वरभाऊ ललितभाऊंशी ठिबकच्या नळ्यांबद्दल बोलत बसले होते.

नोव्हेंबरअखेर यात्रेच्या संयोजकांचा फोन आला. या वर्षी मोठं स्टेज आहे, घोडीही सांगून ठेवली आहे, मुलगी येईल ना? मॅडमनी फोन हातात धरून बऱ्याच येरझाऱ्या घातल्या. नाही म्हणावं तर क्लासच्या उरलेल्या मुलींचे पालक विचारतील. हो म्हणावं तर कुणाच्या जिवावर? शेवटी त्यांनी मयूरीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘‘वाजवीन. पण हळूवालं. पूर्ण. आणि घोडी नको.’’

संयोजकांना ते पटलं नाही. मोठं स्टेज मिळालं नाही. सकाळी साडेदहाला, मुलांच्या कार्यक्रमात, तापीकडच्या बाजूला एक छोटं व्यासपीठ मिळालं. साडेसात मिनिटांची रचना. सुरुवातीला दोनेकशे लोक जमले, नाव ऐकून. दीड मिनिटात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, घोडी कुठं शे? एक जण ओरडला की ती धून लाव. मयूरीच्या कानापर्यंत ते गेलं असावं, कारण तिचे खांदे वर आले. मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. पुढं जाऊन लोकांना समजवावं की गप्प राहावं हे त्यांना ठरवता येईना. चौथ्या मिनिटाला निम्मी माणसं निघून गेली. डाव्या हाताची ती अवघड ओळ आली. मयूरी एकदा चुकली, मागं आली नाही, तशीच पुढं गेली.

संपलं तेव्हा तिथं तीस-पस्तीस माणसं होती. काही नुसती सावलीला थांबलेली असतील. मयूरी उतरून मॅडमकडे आली. चेहरा लाल झालेला. ‘‘एक ठिकाण गेलं,’’ ती म्हणाली, ‘‘पण आज ऐकू आलं.’’ आणि वडिलांबरोबर घोडे बघायला गेली.

मॅडम पियानोजवळ थांबल्या. टेम्पोवाल्याला उशीर होत होता, तो हॉर्न देत होता. तेवढ्यात बांगड्यांच्या दुकानातली एक बाई आली. तिनं विचारलं, आता जे वाजलं त्याला काय म्हणतात? मॅडमनी नाव सांगितलं, परदेशी, लांबलचक. बाईंनी ते म्हणून पाहिलं, जमलं नाही, मग म्हणाल्या की जाऊ द्या, मी एक पट्टी दाबू का? मॅडमनी वायर परत जोडली. बाईंच्या मागं आणखी दोघी उभ्या राहिल्या, मग एक म्हातारे गृहस्थ. टेम्पोवाला खाली उतरून वैतागून बघत होता. मॅडमनी त्याला हातानंच पाच मिनिटं सांगितली आणि खुर्ची बाईंकडे सरकवली.